सिस्टर आणि माझं नाक

कर्जतच्या बाजारात, भर दुपारी, चार माणसांदेखत एका बाईनं माझी हनुवटी पकडली आणि माझं तोंड उन्हाकडे फिरवलं.

"हलू नको. थांब जरा. आता या बाजूनं. आहाहा! काय नाक हाय गं तुझं!"

मी तेव्हा अकरावीत होते. हातात पिशवी, पिशवीत दोन किलो कांदे, आणि कांदेवालीसकट सगळा बाजार माझ्या नाकाकडे बघतोय! माझ्या नाकाला 'आहाहा' म्हणणारं माणूस मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होतं. एरवी लोक 'अगंबाई' म्हणायचे. नाहीतर काहीच म्हणायचे नाहीत, आणि ते जास्त लागायचं.

"कुणावर गेलंय? आईवर का बापावर?"

"बाबांवर," मी कशीबशी म्हणाले.

"मंग चल. बाप दाखव."

आणि खरंच ती बाई माझ्याबरोबर आमच्या घरी आली. बाबा शाळेत गणित शिकवायचे. ते नुकतेच येऊन चहा पीत बसले होते. बाबांचं नाक म्हणजे काय सांगू! वर्गात आधी नाक यायचं आणि मग बाबा, असं त्यांची पोरं म्हणायची. बाईनं बाबांभोवती देवळात घालतात तशी एक पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि म्हणाली, "मास्तर, तुमी जागा शोधताय असं ऐकलं. दहिवलीला माझ्या दोन खोल्या रिकाम्या हायत. कधी येताय?"

आम्ही तीन महिने जागा शोधत होतो. लोक ओळखीवर जागा मिळवतात, वशिल्यावर मिळवतात. आम्हाला नाकावर मिळाली.

त्या बाई म्हणजे सिस्टर. त्यांचं नाव काहीतरी होतंच, पण अख्खं कर्जत त्यांना सिस्टरच म्हणायचं. खालापूरच्या बाजूला भातशेती करणाऱ्या घरातली ही मुलगी. मुंबईत नर्सिंग शिकली, बोटीत बसून लंडनला गेली, चौदा वर्षं तिथं राहिली आणि परत येऊन नदीपलीकडे दहिवलीत चार खोल्यांचं घर बांधून एकटी राहू लागली. चौदा वर्षांत त्यांचं 'हाय' आणि 'नाय' तसूभर हललं नव्हतं. मधूनमधून इंग्रजी शब्द यायचे, तेसुद्धा खालापूरच्या चालीत. अंगावर पांढरं पातळ, पायात मोजे आणि बूट, हातात काळी छत्री. त्या रस्त्यानं निघाल्या की लोक दाराशी यायचे, कारण आज सिस्टर कुणाचं तोंड धरतील याचा नेम नसायचा.

लंडनमध्ये त्या ज्या दवाखान्यात होत्या, तिथं आजारी माणूस म्हणून यायचंच नाही! आम्हाला हे पटतच नसे. आई तर दर वेळी विचारायची, "म्हणजे सिस्टर, निदान ताप तरी असेल ना?"

"कसला ताप वहिनी! धडधाकट बायका. खाऊनपिऊन सुखी. यायच्या अन् म्हणायच्या, हे नाक कापा, ही हनुवटी तासा, हे गाल मागं ओढून कानाशी शिवा. मासिकातला फोटो कापून आणायच्या. आपल्याकडं पोरी शिंप्याकडं झंपराचा नमुना नेतात ना, तसा. म्हणायच्या, हे असं करून द्या."

"आणि डॉक्टर करायचे?"

"मंग! जांभळ्या पेन्सिलीनं आधी तोंडावर रेघा काढायचे. हितून कापायचं, हितनं उचलायचं. एक बाई दोन वर्षांनी एकदा यायची, तोंड ताणून घ्यायला. शेवटी शेवटी अशी अवस्था की ती रडतेय का हसतेय आमाला कळायचं नाय. रुमाल मागितला की समजायचं, रडतेय."

त्या हे सांगताना स्वतः गाल मागे ओढून दाखवायच्या. मी हसून हसून ओट्यावरून पडायची बाकी राहायचे. आम्ही कर्जतच्या बाहेर फार तर नेरळपर्यंत गेलेली माणसं. आमच्या ओट्यावर असं विलायतेचं नाटक रोज चालायचं, तेही पायात मोजे घातलेल्या नटीचं!

त्या दवाखान्यात सिस्टरांचं मुख्य काम होतं आरसा धरायचं. दहा-बारा दिवसांनी पट्ट्या सुटायच्या, आणि पट्ट्या सुटल्या की सिस्टर समोर आरसा धरून उभ्या. चौदा वर्षांत किती जणींसमोर धरला असेल, देव जाणे. "सगळ्या खूश व्हायच्या?" असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "व्हायच्या गं. पण आधी जरा वेळ त्या आरशात कुणाला तरी शोधायच्या. सगळ्याच. ती सापडली नाय की मंग खूश व्हायच्या."

पण त्यांचा खरा राग गोरेपणावर. माझी आई मला दर रविवारी डाळीचं पीठ आणि साय चोळायची. सिस्टर खिडकीतून बघायच्या आणि तिथूनच सुरू व्हायच्या. "चोळा वहिनी, चोळा! तिकडच्या गोऱ्या बाया समुद्रकाठी तास तास पालथ्या पडून काळ्या व्हायला बघतात. हितं आपण पीठ लावून पांढऱ्या व्हायला बघतो. दोघी बोटीनं निघाल्या अन् वाटेत एडनला भेटल्या ना, तर कातडी बदलून घेतील अन् आपापल्या घरी जातील. अन् घरी गेल्यावर परत तेच!" आई म्हणायची, "तुमचं लग्न नाही झालं म्हणून तुम्हाला सुचतंय." आणि दुप्पट जोरानं चोळायची.

सिस्टरांची एक वही होती. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. तीत त्यांनी आसपासच्या गावांची नाकं काढून ठेवली होती. प्रत्येक गावाला एक नाक असतं, असा त्यांचा सिद्धांत. शेलूचं नाक आखूड आणि रागीट. नेरळचं नाक वरून चांगलं पण टोकाला घाई झालेलं. खालापूरचं नाक बसकं, रुंद आणि मायाळू. दहिवलीत मिसळ फार, म्हणून दहिवलीला चार पानं. बाबांनी वही बघून विचारलं, "सिस्टर, याला काही शास्त्रीय आधार?" त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमच्यासाठी आख्खं पान सोडलंय, आता आधार कशाला मागता?" बाबा लाजले. ते कुठेही आपल्या नाकाचा विषय निघाला की चष्मा काढून पुसायला लागायचे.

हे सगळं ऐकून त्या नुसत्या विक्षिप्त होत्या असं कुणाला वाटेल, म्हणून त्यांचं टाके घालणं सांगायलाच हवं. भातकापणीच्या दिवसांत कुणाला विळा लागायचा, कुणी बांधावरून पडून कपाळ फोडून घ्यायचं. गावातले डॉक्टर हातापायाचे टाके स्वतः घालायचे, पण जखम तोंडावर असली की म्हणायचे, सिस्टरांकडे न्या. आणि काय टाके! केसासारखा बारीक धागा, मुंगीच्या पावलाएवढं अंतर. सहा महिन्यांनी जखम कुठं होती ते शोधावं लागायचं. सुई टोचताना त्या एकच करायच्या. विचारायच्या, "बोल, ही भिवई कुणावर गेली?"

"बापावर," माणूस कण्हत म्हणायचं.

"बाप कसा होता? मारायचा का?"

की माणूस बापाविषयी बोलायला लागायचं, आणि बाप संपेपर्यंत टाके संपायचे. एकदा एक म्हातारी आपल्या हनुवटीविषयी, म्हणजे आपल्या आईविषयी, इतकी बोलली की पट्टी बांधून झाली तरी उठेना. "तिकडं भुलीचं इंजेक्शन, हितं आईबाप," असं सिस्टर म्हणायच्या.

आणि त्यांचं स्वतःचं नाक? ते खालापूरचं मुळीच नव्हतं. सरळ, नाजूक, चाफेकळी! कोरून काढल्यासारखं. मला त्या नाकाचा इतका हेवा वाटायचा की त्या चहा गाळत असल्या की मी बाजूनं नुसती बघत बसायचे. एकदोनदा मी तोंडावर म्हटलंसुद्धा, "सिस्टर, तुमच्यासारखं नाक असतं ना, तर मी जग जिंकलं असतं." त्या म्हणायच्या, "माझं नाय ते." मला वाटायचं, विनय.

मी मॅट्रिक झाले, टायपिंगच्या क्लासला जाऊ लागले आणि घरात माझ्या लग्नाचं वारं वाहायला लागलं. सात जण येऊन बघून गेले. पोहे सातही जणांना आवडले. सातही जणांनी कळवलं, पत्रिका जमत नाही. एकाच मुलीची पत्रिका सात मुलांशी जमू नये हे गणिताच्या मास्तरांना पटण्यासारखं नव्हतं, पण बाबा काही बोलायचे नाहीत. ते चष्मा पुसायचे. रात्रंदिवस माझ्या मनात एकच, हे नाक नसतं तर.

आणि मग आठवा मुलगा आला, अमेरिकेतला!

काय धावपळ झाली म्हणून सांगू. तीन आठवड्यांच्या रजेवर आलेला इंजिनिअर, पुण्याचं घर, कुणाच्या तरी ओळखीनं स्थळ आलेलं. आईनं पोह्यांवर ओलं खोबरं असं घातलं की खाली पोहे दिसेनात. मुलगा, त्याची आई आणि मामा असे तिघं आले. मुलगा छान होता हो, खोटं कशाला बोलू! हसरा, मोकळा. चपला काढताना त्यानं स्वतः वाकून आईच्या चपला सरळ ठेवल्या. मी तिथंच हो म्हणून टाकलं होतं, मनात.

घरमालकीण म्हणून सिस्टरही बसल्या होत्या. मुलाच्या आईनं रिवाजाप्रमाणे मला चालायला सांगितलं, वाचायला सांगितलं, केस मोकळे करून बघितले. ते झालं तसं सिस्टर मुलाला म्हणाल्या, "आता तुमी उठा."

"मी?"

"तुमी. खिडकीशी या. उजवीकडं वळा. आता डावीकडं. केस जरा मागं घ्या बघू."

आणि तो खरंच वळला! माझ्या आईचा चेहरा पांढराफटक. मामांचा पोह्यांचा घास तोंडाशीच थांबला. सिस्टरनी मान तिरकी करून त्याला दोन्ही बाजूंनी न्याहाळलं आणि निकाल दिला, "डावा कान दोन सूत पुढं हाय. बाकी पोरगा बरा."

"आम्ही मुलगी बघायला आलोय," मुलाची आई म्हणाली.

"तर काय! आमी मुलगा बघतोय."

मुलगा मात्र खो खो हसला. कान चाचपत म्हणाला, "लहानपणापासून आहे. कुणी बोललं नव्हतं." मग तो बाबांकडे वळला आणि अगदी सरळपणे म्हणाला, "मला मुलगी पसंत आहे. एकच सांगतो, रागावू नका. तिकडे नाकाचं ऑपरेशन म्हणजे दाढ काढण्याइतकं सोपं. माझ्या ऑफिसातल्या दोघींनी केलंय. लग्न होऊन तिकडे आलो की पहिल्या महिन्यात करून टाकू. तिलाच बरं वाटेल."

"आमची अट वगैरे नाही हो," त्याची आई लगेच म्हणाली. "पण होऊन जाईल."

बाबांनी चष्मा काढला. मी आत पळाले आणि आईला अशी मिठी मारली की तिच्या हातातली कपबशी फुटली. अमेरिका! नवरा! आणि वर नाक! देवानं द्यायचं ठरवलं की छप्पर फाडून देतो म्हणतात, ते हेच. येत्या रविवारी आमच्याच घरी साखरपुडा करायचं ठरलं.

तो आठवडा मी जमिनीवर नव्हतेच. नदीवर धुणं धुवायला गेले तरी पाण्यात वाकून नाकाच्या टोकावर बोट दाबून बघायचे, एवढं गेलं तर कशी दिसेन, तेवढं गेलं तर कशी दिसेन. शुक्रवारी दुपारी जेवण झाल्या झाल्या सिस्टरांकडे धावले. ज्यांनी शेकडो नाकं बघितली त्या बाई शेजारी असताना आणखी कुणाला विचारायचं? दुखतं का? पट्टी किती दिवस? श्वास कसा घेतात? त्यांनी सगळं सांगितलं. पण नेहमीचं नाटक नव्हतं. एवढं विचारलं की तेवढंच सांगत होत्या.

"सिस्टर, मला काढून दाखवा ना! डॉक्टर काढायचे तशा रेघा. काय काय जाणार ते बघू दे."

"बघायचंय?"

"हो!"

त्यांनी मला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं. कपाटातून जखमांना लावायचं जांभळं औषध काढलं, काडीला कापूस गुंडाळला, माझी हनुवटी धरली. नाकाच्या उंचवट्यावर एक रेघ आली.

"हे हाड जाणार. हे कुणाचं?"

"बाबांचं."

काडी खाली सरकली. नाकपुडीच्या कडेनं गोल. "हे आत घ्यायचं. हे कुणाचं?"

"हे... आत्याचं. आत्याची नाकपुडी अशीच रुंद होती. रागावली की फुलायची." आत्या मी नऊ वर्षांची असताना गेली. तिचा फोटोसुद्धा नाही आमच्याकडे. हे मला बोलता बोलता आठवलं.

"अन् हे टोक वर उचलायचं. हे?"

"आजोबांचं, असं आई म्हणते."

"मंग तुझं कुठलं?"

मी विचार केला. मला काही सांगता येईना. सिस्टरनी काडी ठेवली, आरसा घेतला आणि माझ्यासमोर धरून उभ्या राहिल्या. चौदा वर्षांची सवय, हात जरासुद्धा हलत नव्हता. आरशात माझं नाक आणि नाकावर जांभळ्या कुंपणासारख्या रेघा.

"आता माझं ऐक," त्या आरशामागून म्हणाल्या. "हे माझं नाक. हे त्याच दवाखान्यात केलं."

मी आरसा बाजूला सारून त्यांच्या नाकाकडे बघितलं.

"चौथं वर्ष असंल. मोठा डॉक्टर म्हणाला, परगावचे डॉक्टर येणार हायत, त्यांना नाक करून दाखवायचंय. सिस्टर, तुमचं करू? मला कुणी ढकलली नाय गं. मी उड्या मारत गेले, तू मारतेस तशा. शुद्धीवर आले, पट्टी सुटली, दुसऱ्या सिस्टरनं आरसा धरला. झकास नाक! अन् डॉक्टर कौतुकानं म्हणाला, हितं बाजूला एक जुनी जखम होती, तीपण बुजवून टाकली. डाग ऱ्हायला नाय. मी थँक्यू म्हणाले."

"कसली जखम?"

त्यांनी डाव्या नाकपुडीवर बोट ठेवलं. "नथीचं भोक."

माझा हात आपोआप माझ्या नाकपुडीवरच्या भोकाकडे गेला.

"पाच वर्षांची होते. सोनार टोचत होता अन् आईनं मांडीत घट्ट धरलेली. मी तिच्या मनगटाला चावले, तिला वण ऱ्हायला होता. त्या बिचाऱ्या डॉक्टरला काय माहीत! त्याला वाटलं, पोरीला लहानपणी काहीतरी घुसलं. पुढल्या साली धाकट्या भावाच्या लग्नाला आले. दारात आई म्हणाली, बारीक झालीस गं, नाकसुद्धा बारीक झालं. तिला काय शंकाच आली नाय. मी करवली. आईनं आजीची नथ डबीतून काढली, माझं तोंड धरलं अन् भोक शोधायला लागली. उजेडात नेलं. पदरानं नाक पुसलं. तिला वाटलं, पावडरीनं बुजलं. एवढ्या बायका जमलेल्या, अन् ती बोटानं चाचपतेय, कुटं गेलं गं, कुटं गेलं. शेवटी मी सांगितलं."

"मग?"

"काय नाय. नथ डबीत ठेवली. मला म्हणाली, 'तू पावण्यांत बस.'"

बाहेर कुणीतरी बैल हाकत चाललं होतं. त्यांनी औषधाच्या बाटलीला बूच लावलं.

"करवलीचा कऱ्हा दुसऱ्याच मुलीनं धरला. मी खुर्चीत बसून जेवले. मंग परत लंडनला गेले, अन् आई जिवंत असेतो आले नाय."

मला रडूही आलं आणि रागही आला. राग जास्त. सगळं मनासारखं होत असताना ही बाई मला हे का सांगतेय? "मी आधीच सांगेन डॉक्टरांना!" मी ओरडले. "माझं भोक राहू द्या म्हणून सांगेन! तुम्हाला चांगलं नाक मिळालं, आणि मला नको?"

"सांग की. मी नको म्हणत नाय. मी आरसा धरला. माझं काम तेवढंच."

मी घरी आले आणि तोंड धुतलं. रेघा तशाच. साबण लावला, लिंबू लावलं, डाळीचं पीठ लावलं, शेवटी आईनं रॉकेलचा बोळा फिरवला. नाक लाल झालं आणि लालावर जांभळ्या रेघा आणखीच उठून दिसायला लागल्या. आईनं कपाळाला हात लावला. सिस्टर धावत आल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, चुकलंच! तिकडची पेन्सिल पुसली जायची गं." कापणीच्या प्रत्येक हंगामात तेच औषध बाटल्याच्या बाटल्या वापरणाऱ्या बाईला ते आठ दिवस जात नाही हे ठाऊक नव्हतं? मी पुढं अनेकदा विचारलं. शेवटपर्यंत त्यांचं उत्तर एकच, चुकलं.

रविवार उजाडला. आईनं स्नोचा थर दिला, त्यावर पावडरीचा. हिरवी साडी, अंबाडा, गजरा. मधल्या खोलीत सतरंजी घातलेली, पाटाभोवती रांगोळी, समईशेजारी पेढ्यांचं मोठं ताट. सिस्टरना आईनं रागानं दाराजवळ बसवलं होतं, म्हणजे त्या मध्ये बोलणार नाहीत. पुण्याची मंडळी आली. मी खाली मान घालून पाटावर बसले. खोलीत गर्दी, त्यात घाम. घामानं पावडर ओघळली.

"हे काय?" मुलाची आई म्हणाली.

"कीड चावली हो," आई म्हणाली. "औषध लावलंय."

मुलगा पुढे वाकला. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. पुण्याच्या मंडळींत त्या रेघांचा अर्थ कळणारा तो एकटाच होता.

"अरे वा! मार्किंगसुद्धा करून ठेवलं?" तो आनंदानं म्हणाला. "कुणी केलं? फारच छान!" आणि त्यानं खिशातलं पेन काढलं, टोपण न काढता. एका हातानं माझी हनुवटी धरली आणि पेनानं माझ्या नाकावर दाखवायला लागला. "हे हाड आणखी थोडं घेता येईल. इथे तर बरंच जास्त आहे. मामा, बघा ना, एवढं गेलं की कशी दिसेल!"

तो दुष्ट नव्हता. मी शपथेवर सांगते, तो मनापासून खूश झाला होता. माझ्यासाठीच खूश झाला होता. मामा वाकून बघत होते, त्याची आई मान डोलावत होती, माझीही आई धीर येऊन हसायला लागली होती. हनुवटी त्याच्या हातात, त्यामुळे मला मान हलवता येत नव्हती. मी नुसते डोळे फिरवले, आणि मला बाबा दिसले.

बाबा शेजारच्या पाटावर बसले होते. एका हातात सुपारी. दुसऱ्या हातानं त्यांनी आपलं नाक झाकलं होतं. रुमाल नव्हता, सर्दी नव्हती. नुसता तळहात, कुणाला दिसू नये असा हळूच वर आणलेला. जे हाड बरंच जास्त आहे असं तो पेनानं दाखवत होता, त्यावर.

 आठवडाभर मला नुसतं माझं नाक दिसत होतं. ते बाबांच्या चेहऱ्यावर बसलंय आणि ऐकतंय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी त्याचा हात बाजूला केला.

"बाबांच्या नाकावर दाखवा," मी म्हणाले.

"काय?"

"हेच हाड तिथं आहे. जास्त मोठं आहे. तिथं दाखवा, किती घ्यायचं."

आणि त्या भल्या माणसानं खरंच बाबांकडे बघितलं! एक क्षणभर, पण बघितलं. नजरेनं मोजलं. बाबांनी मान खाली घातली.

"मला हे लग्न करायचं नाही," मी उभी राहिले. माझा आवाज इतका मोठा झाला होता की बाहेर ओट्यावरची माणसं आत डोकावली. "तुम्ही चांगले आहात. तुम्हाला चांगली मुलगी मिळेल. पण माझं नाक मी कुणाला देणार नाही!"

मग जो गोंधळ झाला तो झाला. मुलाची आई उठली, मामा उठले, साखरेचा पुडा पिशवीत परत गेला. "अगं, काय बोलतेस! आठवं स्थळ!" म्हणून माझी आई तोंडात पदर घालून रडायला लागली. मला भीती वाटायला हवी होती. पण मी अशी थरथरत होते, जशी शर्यत जिंकल्यावर थरथरतात. दाराजवळ सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मंडळी चपला शोधत होती. सगळे बाबांकडे बघत होते, आता मास्तर काय म्हणणार? हात जोडणार, माफी मागणार, मला ओरडणार?

बाबांनी नाकावरचा हात काढला. चष्मा सरळ केला. आणि मागच्या बाकापर्यंत आवाज जावा अशा, त्यांच्या वर्गातल्या ठणठणीत आवाजात म्हणाले,

"सिस्टर, पेढे वाटा!"